घर सजवण्याचा नाद

घर सजवण्याचा नाद असलेला माणूस ओळखायला सोपा असतो. तो तुमच्या घरी आला की आधी तुमच्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. चहाचा कप हातात घेताना त्याचं लक्ष पडद्याच्या चुण्यांवर असतं. निघताना चपला घालता घालता तो हळूच म्हणतो, "हे कपाट पलीकडच्या भिंतीला लावलं असतं तर?" या माणसाला इंटिरिअर डिझायनर म्हणता येत नाही. त्यानं ते शिक्षण घेतलेलं नसतं आणि त्याच्या सल्ल्याचे त्याला कुणी पैसेही देत नाही. जातात ते त्याचेच.

हा श्रीमंतांचा शौक आहे असं आपण समजतो, पण ते खरं नाही. खेड्यातल्या एका खोलीच्या घरात मांडणीवर ओळीनं लावलेली, चिंचेनं घासून लख्ख केलेली पितळेची भांडी आपण पाहिली आहेत. थोरल्या पातेल्यापासून धाकट्या वाटीपर्यंत उतरती रांग लावणारी ती बाई दुसरं काय करत होती? सारवलेल्या जमिनीवर बोटांनी उठवलेली नक्षी, वारली पाड्यातल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली चित्रं, आमच्या मुसलमान घरांतून ताखात उंचावर ठेवलेलं कुराण आणि त्यावर घरच्या मुलींनी विणलेला क्रोशाचा रुमाल, हे सगळं त्याच नादाचं. हातात पैसा नव्हता, तरी हौस होती.

कोकणातल्या आमच्या गावी एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आयुष्यभर त्यांनी मासिकांतली घरांची चित्रं कापून वह्यांत चिकटवली. रंगांच्या कंपन्यांची शेडकार्डं त्यांच्याकडे इतकी आहेत की दुकानदारच कधीकधी त्यांच्याकडून मागून नेतो. निवृत्तीचे पैसे आले आणि मास्तरांनी जांभ्याच्या जुन्या घरात काम काढलं. या नादातले सगळे चढउतार मला त्यांच्याच घरी बघायला मिळाले, म्हणून त्यांच्या आधारानं बोलतो.

पहिला फटका रंगाचा. शेडकार्डावर मास्तरांनी अगदी फिका पिस्ता निवडला होता. रंगाऱ्यानं दुसरा हात मारला आणि बाहेरची खोली सरकारी इस्पितळासारखी दिसू लागली. मास्तर डबा घेऊन दुकानात भांडायला गेले. दुकानदारानं डबा आणि कार्ड शेजारी ठेवून दाखवलं. रंग तोच होता.

असं का होतं? कार्डावरचा तुकडा बोटाएवढा असतो आणि त्याच्या चहूबाजूंना पांढरा कागद असतो. खोलीत चार भिंती समोरासमोर उभ्या असतात. खिडकीतून आलेला उजेड एका हिरवट भिंतीवर पडतो, हिरवट होऊन समोरच्या भिंतीवर जातो, तिथून आणखी हिरवा होऊन परततो. त्यामुळे कार्डावर फिका वाटणारा रंग भिंतीवर गडद होऊन बसतो. त्यात मास्तरांच्या सोफ्याची खोळ तांबडी. तांबड्याशेजारी हिरवा ठेवला की दोन्ही जास्त भडक दिसतात.

हे शेजारधर्माचं गणित फ्रान्समधल्या शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं मांडलं. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात तो रंगखात्याचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या सुताचा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो, अशी तक्रार आली. त्यानं सूत तपासलं तर रंग पक्का होता. ते काळं सूत निळ्या-जांभळ्या सुताशेजारी विणलं जात होतं, म्हणून डोळ्याला फिकं दिसत होतं. यावर त्यानं १८३९ साली मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. मी हे सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले, "म्हणजे कवी, चूक सोफ्याची!" सोफ्याची खोळ बदलली. निम्मा हिरवा उतरला.

उरलेला निम्मा दिव्याचा होता. एलईडी दिव्याच्या खोक्यावर २७०० किंवा ६५०० असा एक आकडा आणि पुढे के अक्षर छापलेलं असतं. ते उजेडाच्या रंगाचं माप आहे. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उजेड, ६५०० म्हणजे ट्यूबचा निळसर पांढरा. आपल्याकडे बहुतेक घरांत पांढराच लावतात, कारण तो 'जास्त' वाटतो. त्या उजेडात पिस्ता थंडगार पडतो आणि माणसांचे चेहरेही आजारी दिसतात. मास्तरांनी जेवायच्या जागी पिवळा दिवा लावला आणि आमटीला पुन्हा आमटीचा रंग आला.

यावर साधा उपाय आहे. भिंतीला हात लावण्याआधी दोन फूट लांब, दोन फूट रुंद पुठ्ठा घ्यावा, त्यावर तोच रंग दोनदा द्यावा आणि तो पुठ्ठा प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघावा. दोन दिवस जातात, पण पुढची पाच वर्षं वाचतात.

दुसरा फटका पावसाचा, आणि कोकणात तो चुकत नाही. रत्नागिरीला वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आमच्याकडे घराला रंग काढायचा तो सणाच्या तोंडावर. गणपती येतात भाद्रपदात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा रंगारी कामाला लागतो जुलै-ऑगस्टात. भिंत पाणी पिऊन फुगलेली असते तेव्हा! आमची ईद चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे साधारण तेहतीस वर्षांत ती सगळे ऋतू फिरून येते. २०१४ साली रमजान ईद जुलैच्या अखेरीस, भर पावसात आली. २०२३ साली ती एप्रिलमध्ये आली. त्या वर्षी मोहल्ल्यातला रंग चांगला टिकला आणि त्याचं श्रेय मात्र कंपनीनं घेतलं.

आजोबा-पणजोबा भिंतीला चुना देत. त्यात थोडी नीळ आणि डिंक. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. त्याला बारीक छिद्रं असतात. भिंतीतली ओल त्यांतून बाहेर निघून जाते. हाताला पांढरं लागतं, दर वर्षी द्यावा लागतो, पण भिंत श्वास घेते. आता आपण सिमेंटचा गिलावा करतो, पुट्टी लावतो आणि वर प्लास्टिक पेंट चढवतो. हा पेंट ओल्या फडक्यानं पुसता येतो, दिसतो झकास. पण भिंतीच्या पोटात ओल असेल तर तिची बाहेरची वाट बंद होते. मग ती रंगाला आतून ढकलते. आधी फुगे येतात, मग पोपडे सुटतात आणि त्याखाली पांढरी भुकटी दिसते. तो लोणा. पाण्याबरोबर वर आलेले क्षार पाणी उडून गेल्यावर तिथेच राहतात. रंगारी पोपडे खरवडून वर पुन्हा तोच रंग देतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा पैसे घेतो.

ओल कुठून येते ते कळल्याशिवाय रंगावर एक रुपया घालू नये. एक फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवावा आणि दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. कौलं, पन्हळ, बाहेरच्या गिलाव्याची चीर, न्हाणीचा गळका नळ बघावा. दव बाहेरच्या बाजूला जमलं तर ओल खोलीतल्या हवेची आहे, खिडकी उघडी ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. मास्तरांचं कपाट भिंतीला चिकटून होतं. मागे बुरशी आणि बुरशीखाली वाळवीचे मातीचे बोगदे. प्लायवूड 'वॉटरप्रूफ' आहे असं सुतारानं तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगण्याला अर्थ नसतो. ओल्या जागी मरीन प्लाय हवं असेल तर तक्त्यावर आयएस ७१० असा शिक्का बघून घ्यावा, आणि तो कापण्यापूर्वी बघावा.

सुताराबद्दल एवढंच सांगतो की तो 'उद्या' येतो.

खाट कुठे ठेवायची यावर मात्र बोलायला हवं, कारण मासिकातली चित्रं याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आमच्या घरात पश्चिमेकडे पाय करून झोपत नाहीत, तिकडे काबा. मास्तरांकडे दक्षिणेला पाय चालत नाहीत, ती यमाची दिशा. खोली दहा बाय दहा, एका भिंतीत दार, एकीत खिडकी, एकीला कपाट. उरलेल्या जागेत खाट एकाच रीतीनं बसते आणि ती नेमकी पंख्याखाली येत नाही. मास्तरांनी खाट सात वेळा फिरवली. कवितेत एक शब्द हलवला की वरची ओळ बिघडते, तसंच. शेवटी त्यांनी पंखा हलवला.

मापांची गोष्टही अशीच. छायाचित्रातलं घर रिकामं असतं, आपल्या घरात माणसं असतात आणि त्यांना उंची असते. मास्तरांनी स्वयंपाकाचा ओटा चित्राप्रमाणे छत्तीस इंच उंच केला. वहिनींची उंची चार फूट दहा इंच. महिनाभरात पोळ्या लाटून त्यांचे खांदे भरून येऊ लागले. सरळ उभं राहून कोपर वाकवावं आणि कोपराच्या खाली तीन-चार इंचांवर ओटा असावा, हे ढोबळ माप. त्या घरात जी जास्त वेळ उभी राहते तिच्या कोपराचं. जगातले थोरही इथे फसले आहेत. ल कॉर्बुझिए या प्रसिद्ध वास्तुकारानं इमारतींसाठी मानवी मापांची एक पद्धत बसवली, तिच्यातला माणूस सहा फुटी पुरुष होता. उलट १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या घरांसाठी मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईनं स्वयंपाकघर आखलं, तेव्हा बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर पोचतो, याचा हिशेब आधी केला. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. गंमत म्हणजे तोवर तिनं स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता. तिनं तो निरखला होता. मास्तरांनी वहिनींच्या पायाखाली चार इंची लाकडी फळी घातली आहे. दिसायला बरी नाही. खांदे थांबले.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं सगळं सांगितलं, तिच्याकडे येतो. मास्तरांच्या आईंना आम्ही माई म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. बाहेरच्या खोलीतली जुनी शहाबादी फरशी काढून मास्तरांनी मोठ्या, आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. खोली दुप्पट दिसू लागली. बघायला माणसं आली, मास्तरांचा तो सगळ्यात आनंदाचा महिना. त्यानंतर केव्हातरी नव्या भिंतीवर, जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर, एक मळकट रेघ उमटू लागली. माईंच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत. मास्तरांनी ती पुसली. आठवड्यात परत आली. नातवंडांना रागावून झालं. मग एका दुपारी त्यांनी पाहिलं की माई तळहात भिंतीला टेकवून, एकेक पाऊल घसटत चालल्या आहेत. बाहेरच्या खोलीत बसायला त्या कधीच्याच येईनाशा झाल्या होत्या, कारण खोलीच्या मध्ये धरायला काही नव्हतं.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही. सांडलेलं पाणी वरच राहतं, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर आला की पाय धरत नाही. त्यात मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना खिडकीची चकाकीच पाण्यासारखी दिसते. कुठे ओलं, कुठे कोरडं, कळत नाही. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड, आणि त्यानंतर पुष्कळ माणसं पुन्हा पूर्वीसारखी चालत नाहीत. मास्तर माईंना म्हणाले, "आई, भिंत खराब होते गं." त्या म्हणाल्या, "भिंत काय नुसती बघायला बांधलीस?"

मास्तर दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी सुताराला बोलावलं (तो चौथ्या 'उद्या'ला आला) आणि त्या रेघेवरच सागवानी दांडा बसवून घेतला. मुठीत मावेल असा, दीड इंच जाडीचा, आणि भिंतीपासून दीड-दोन इंच सुटा, म्हणजे बोटं आत जातात. न्हाणीत खडबडीत टाइल्स घातल्या. न्हाणीचा उंबरठा काढला आणि पाण्यासाठी जमिनीला उतार दिला. बाहेरच्या खोलीतला खोल, मऊ सोफा, ज्यातून माईंना उठता येत नसे, तो मागे गेला आणि हातांची जुनी लाकडी खुर्ची पुढे आली, दांडा संपतो तिथे.

फरशी अजून तीच आहे. ती काढायला पैसे नाहीत. तिच्यावर ठिकठिकाणी न सरकणाऱ्या रबरी पाठीच्या चटया आल्या आहेत, रंग एकमेकांशी न जुळणारे. मास्तरांना त्या खुपतात, पण माई पुन्हा बाहेर येऊन बसतात. पुढच्या वेळी रंग काढायचा तो एप्रिलात, असं त्यांनी ठरवलं आहे. रंग ठरलेला नाही. पुठ्ठा दांड्याला टेकवून ठेवलेला असतो आणि माई जाता-येता त्याच्याकडे बघून सांगतात, "हा नको."