खाऱ्या वाऱ्यातली जुनी स्पोर्ट्‌स कार : पैसे आधी कुठे घालावेत?

मालवण-कुडाळ पट्ट्यात ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हटलं की डोळ्यांसमोर फेरारी येत नाही. येते ती २००१ साली बाजारात आलेली फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स, २०१३ पासून चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, किंवा २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून आलेली अबार्थ पुंटो. अनुक्रमे १००, १०५ आणि १४५ अश्वशक्तीच्या या गाड्या. त्या काळात त्यांच्याकडे नुसतं बघून समाधान मानणारी मुलं आज कमावती झाली आहेत, आणि याच गाड्या आता सेकंडहँड बाजारात नव्या छोट्या गाडीपेक्षा स्वस्त मिळतात. गाडी दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला: हिच्यात काय बसवलं म्हणजे जोरात पळेल?

या प्रश्नाची जी उत्तरं गॅरेजात आणि मित्रमंडळीत मिळतात, त्यांतली बरीचशी आपल्या किनाऱ्यावर लागू पडत नाहीत. पुण्यातल्या रस्त्यावर दहा वर्षं चाललेली गाडी आणि देवबाग-तारकर्लीच्या खाऱ्या हवेत दहा वर्षं उभी राहिलेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या असतात.

‘एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलला की पिकअप येतो’ हा सगळ्यात जुना समज. कंपनीच्या फिल्टरचा डबा काढून बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावला की इंजिनाचा आवाज मस्त येतो, आणि कान फसतात. बाहेरची हवा ३० अंश आणि बॉनेटखालची ६० अंश धरा. त्या तापलेल्या हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते, म्हणजे तेवढाच प्राणवायू कमी. कंपनीचा कंटाळवाणा दिसणारा डबा पुढून थंड हवा ओढत असतो. तो काढून आपण इंजिनाला गरम हवा पाजतो. बरं, थंड हवेसाठी पाइप खाली बंपरपर्यंत नेला तर पावसाळ्यात दुसरं संकट. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं आणि त्या पाइपातून घोटभर जरी सिलिंडरात गेलं, तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही, लोखंड वाकतं. आणि जांभ्या मातीची बारीक लाल धूळ? तेल लावायच्या कापडी फिल्टरला जास्त तेल लागलं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, कमी लागलं तर धूळ आत जाते. कंपनीच्याच मापाचा कागदी फिल्टर वेळेवर बदलणं इथे सगळ्यात शहाणपणाचं आहे.

सायलेन्सरचं थोडं वेगळं. टर्बो नसलेल्या पॅलिओसारख्या इंजिनाला मोठ्या पाइपातून मिळणारी ताकद इतकी थोडी की गाडी चालवताना कळत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर सरळ बेकायदा, आणि पीयूसीच्या वेळी अंगाशी येणारं. पण मूळ सायलेन्सर किनाऱ्यावर सडतोच. तो बदलायची वेळ आली असेल तर त्याच मापाचा चांगल्या स्टेनलेस स्टीलचा करून घेणं हा खर्च सार्थकी लागतो.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तो. ‘ताकद वाढवायची म्हणजे इंजिनात काहीतरी नवं घालायचं’ असं आपण धरून चालतो. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत मुळात कारखान्याने दिलेली ताकद तरी शिल्लक आहे का, हे कोणी तपासत नाही. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बराच खाली असेल तर बाकी सगळे बेत थांबवा. मग प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडीची सफाई. त्यानंतर अशी एक गोष्ट जी पुण्या-मुंबईचा मेकॅनिक कदाचित शेवटी बघेल: अर्थिंगची पट्टी. बॅटरी आणि इंजिन बॉडीला जिथे जोडलेलं असतं, तिथे खाऱ्या हवेने गंज आणि हिरवट बुरशी चढते. व्होल्टेज पडतं, सेल्फ सुस्त होतो, सेन्सर चुकीचं सांगतात, आणि मालक मात्र इंजिन थकलं म्हणून हळहळतो. ती जागा घासून नवी पट्टी लावायला काहीशे रुपये लागतात.

तसंच ब्रेक कॅलिपरचं. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या मिठामुळे अडकतात आणि पॅड डिस्कला कायम घासत राहतो. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवून बघा. फिरताना जड लागलं तर तुमची काही अश्वशक्ती रोज तिथेच जळते आहे. टायमिंग बेल्टही विसरू नका. गाडी गावच्या घरी उभी असते, चाकरमानी आले की गणपतीत आणि मे महिन्यात चालते, म्हणून किलोमीटर कमी दिसतात. पण रबराचं वय वर्षांनी मोजायचं असतं. अबार्थच्या इंजिनाला टायमिंग बेल्टच आहे आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मागच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच समजा.

‘ब्रेक लागतायत ना, मग त्यात काय बघायचं?’ असं म्हणणाऱ्याने आंबोली घाट एकदा हिशेबाने उतरून बघावा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. माणसांसह बाराशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली आली की सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. वीस लिटरहून अधिक पाणी उकळायला पुरेल एवढी. काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातो. खालच्या गिअरवर उतरलात तर इंजिन आणखी काही पेलतं. न्यूट्रलवर टाकलीत तर उरलेली सगळी उष्णता पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल सोसतात.

हे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल आपल्याकडे वर्षभर आहे. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी, किनाऱ्यावर त्याच्याही आधी, पूर्ण ऑइल बदलून हवा काढणं आणि चांगल्या कंपनीचे पॅड घालणं हे मी कुठल्याही अलॉय चाकाच्या कितीतरी आधी धरेन. फोंडा, करूळ किंवा आंबोली घाट जोरात चढायची हौस असलेल्याने तोच घाट उतरायचाही आहे.

टायरबद्दल ‘जितके रुंद तितके चांगले’ हा समज कोरड्या रस्त्यावर थोडाफार खरा आहे. सिंधुदुर्गात जूनपासून सप्टेंबरपर्यंत रस्ता कोरडा नसतो. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. मोठं चाक बसवण्याचा आणखी एक तोटा हिशेबात दिसतो. पोलो जीटीच्या १८५/६० आर१५ टायरचा व्यास साधारण ६०३ मिलिमीटर भरतो. कुणी त्या जागी १९५/५५ आर१६ बसवले तर व्यास ६२१ होतो, म्हणजे तीन टक्के जास्त. तेवढी गिअरिंग लांब होते, गाडीची ओढ घटते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागतो. पैसे घालून गाडी सुस्त केली, असंच म्हणायचं. मूळ मापाचा, पावसात पकड देणारा नवा टायर घ्या, आणि घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. कायद्याने खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. पावसासाठी मी ३ मिलिमीटरलाच टायर बदलायचा सल्ला देईन.

गाडी खाली बसवली की वळणावर चिकटते, हे रेसट्रॅकवर ठीक. अबार्थ मुळातच जमिनीपासून जेमतेम १५५ मिलिमीटर उंच आहे. स्प्रिंग कापून ती आणखी खाली आणली तर वाडीतल्या पाणंदीत पोट घासणार आणि शॉकअप वर्षभरात तेल सोडणार. कारखान्याच्या मापाचे नवे शॉकअप आणि लोअर आर्मचे नवे बुश घाला. तीच जुनी गाडी वळणावर वेगळी वाटते. बुशचं काम कुडाळ-सावंतवाडीत सहज होतं. इंजिन हेडचं मशिनिंग असेल तर लोक कोल्हापूर-बेळगावला जातात, आणि ते बरोबरही आहे.

एवढं सगळं झाल्यावर पैसे उरले तर रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं. टर्बो असलेल्या पोलो किंवा अबार्थमध्ये तो खरोखर काम करतो, पंधरा-वीस टक्क्यांहूनही जास्त. पॅलिओत फारसा नाही, कारण तिथे वाढवायला टर्बोचा दाबच नाही. पोलोचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटनमीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवला आहे. मूळ इंजिन १७५ देतं. मधली जागा सगळी वापरून टाकणारा रिमॅप घाटातल्या रांगेत क्लच जाळतो. थोडक्यात समाधान मानणारा ट्यूनर निवडा.

महागडं ऑक्टेन पेट्रोल भरलं की ताकद वाढते, हेही अर्धंच खरं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे; दाबाखाली इंधन अवेळी पेटू न देण्याची क्षमता. जास्त दाबाचं, रिमॅप केलेलं टर्बो इंजिन ठोकत असेल तर त्याला फायदा होतो, साध्या इंजिनाला नाही. उलट आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलकडे जुन्या गाडीच्या मालकाने जास्त लक्ष द्यावं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं उतरणारच. पण मुख्य प्रश्न जुन्या रबरी नळ्यांचा आणि सीलचा आहे. त्या या इंधनासाठी बनवलेल्या नसतील तर बदलून घ्या, विशेषतः गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर.

कायद्याबाबत दोन टोकाचे समज आहेत: सगळंच चालतं, किंवा काहीच चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा तपशील कंपनीने मूळ नोंदवलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच मापाचे पॅड, शॉकअप, प्लग, टायर यांना त्यात कसलीही अडचण नाही. कर्कश सायलेन्सर आणि बॉडीचे बदल मात्र अडकतात, आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण देतात. पंधरा वर्षं झालेली एमएच-०७ पाटीची गाडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ओरोसला न्यावी लागते, तेव्हाही मूळ रूपातली गाडी सहज पास होते.

राहिला पत्र्याचा प्रश्न, आणि त्यातला घातक समज: खालून काळं अंडरकोटिंग मारलं की गंज थांबतो. नव्या, कोरड्या पत्र्यावर मारलं तर थांबतो. आधीच गंजलेल्या पत्र्यावर मारलेला जाड थर ओल आत कोंडतो आणि सडणं नजरेआड चालू राहतं. गाडी विकत घेताना ताजं काळं कोटिंग दिसलं तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. भरीव आवाज यायला हवा. वापरात असलेली गाडी किनाऱ्यावरून आली की पोटाखाली गोड्या पाण्याचा फवारा मारा. दरवाजांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली तर तारेने मोकळी करा. कोटिंगचं काम पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात धरा: गंज घासून काढायचा, प्रायमर मारायचा, पत्रा पूर्ण वाळू द्यायचा, आणि पोकळ भागांत मेणाचं कोटिंग नळीने सोडायचं.