चष्मा असणाऱ्यांनी दुर्बीण कशी निवडावी?

हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांतील लहान रोहित कोणता आणि मोठा रोहित कोणता, हे ओळखण्याची एक खात्रीची खूण म्हणजे चोच. लहान रोहिताची चोच गडद किरमिजी, दुरून जवळजवळ काळीच भासणारी. तर मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि केवळ टोकाशी काळी असते. काठावरून ही खूण पटवायची तर दुर्बीण हवीच. परंतु एकच दुर्बीण हातोहात फिरू लागली, की चष्मा असणाऱ्याच्या वाट्याला अनेकदा निराळाच अनुभव येतो. शेजाऱ्याला पाणी, चिखल आणि त्यावरचा सबंध थवा दिसतो. त्याला मात्र लांब नळीतून पाहावे तसे एक लहानसे वर्तुळ दिसते. आपल्या डोळ्यांतच दोष आहे, हा छंद आपल्याला साधणार नाही, अशी समजूत करून घेऊन तो दुर्बीण परत करतो. वस्तुतः हा दोष बहुधा डोळ्यांचा नसतो, दुर्बिणीच्या निवडीचा असतो.

खोक्यावर न दिसणारा आकडा

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×५० असे आकडे ठळकपणे लिहिलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. खरेदीची सारी चर्चा या दोन आकड्यांभोवतीच फिरते. चष्मा वापरणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला तिसरा आकडा मात्र माहितीपत्रकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत असतो. त्याला ‘आय रिलीफ’ म्हणतात.

दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाश डोळ्याकडील भिंगाच्या, म्हणजे नेत्रिकेच्या, मागे काही अंतरावर एका लहानशा तबकडीत एकवटतो. डोळ्याची बाहुली नेमकी त्या जागी आली, तरच दुर्बिणीत मावणारे संपूर्ण दृश्य दिसते. भिंगापासून त्या जागेपर्यंतचे अंतर म्हणजे आय रिलीफ. खिडकीला डोळा लावून पाहिले तर सारे अंगण दिसते; चार पावले मागे सरकले, की त्याच खिडकीतून अंगणाचा एखादा तुकडाच दिसतो. चष्म्यामुळे डोळा असाच मागे राहतो आणि दृश्याच्या कडा कापल्या जातात.

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारणपणे १२ ते १४ मिलिमीटर पुढे असते. त्यात काचेची जाडी मिळवावी लागते. शिवाय नेत्रिकेचे भिंग तिच्या कडेपेक्षा किंचित आत बसविलेले असल्याने माहितीपत्रकातील अंतरापैकी थोडे वायाच जाते. म्हणून १० ते १२ मिलिमीटर आय रिलीफ असलेली दुर्बीण चष्म्यासह वापरणे कठीण जाते. किमान १५ ते १६ मिलिमीटर असावे. काचा जाड असतील किंवा चष्मा नाकावर जरा पुढे बसत असेल, तर १७-१८ मिलिमीटर अधिक सोयीचे.

नेत्रिकेभोवतीच्या रबरी कड्याही पाहून घ्याव्यात. चष्मा नसणाऱ्याचा डोळा योग्य अंतरावर राहावा म्हणून त्या उंच ठेवतात. चष्मा असणाऱ्याने त्या पूर्ण खाली बसवाव्यात. जुन्या धाटणीच्या दुर्बिणींत त्या दुमडाव्या लागतात आणि कालांतराने रबराला चिरा जातात. फिरवून खालीवर होणाऱ्या कड्या अधिक टिकाऊ असतात. नव्या दुर्बिणीत दृश्य अपुरे दिसण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते, की कड्या खाली करावयाच्या असतात हे कोणी सांगितलेलेच नसते.

चष्मा काढून पाहिले तर?

केवळ लांबचा किंवा जवळचा साधा नंबर असेल, तर दुर्बिणीचे मधले चाक फिरवून तो एका मर्यादेपर्यंत भरून काढता येतो. दोन्ही डोळ्यांच्या नंबरांतील थोडाफार फरकही उजव्या नेत्रिकेवरील वेगळ्या कडीने जुळविता येतो. परंतु चष्म्याच्या दुकानात ज्याला सिलिंड्रिकल नंबर म्हणतात, तो दुर्बीण दुरुस्त करू शकत नाही. असा नंबर बराच असेल, तर चष्मा न काढणेच इष्ट.

दुसरी अडचण प्रत्यक्ष रानातली. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल वडा-पिंपळाच्या पानांत असा मिसळून जातो, की तो आधी साध्या डोळ्यांनी हेरावा लागतो आणि मग नजर न हलविता दुर्बीण डोळ्यांपुढे आणावी लागते. चष्मा काढण्यात दोन क्षण गेले, की ती फांदी पुन्हा सापडत नाही. चष्म्यावरच दुर्बीण टेकविता आली, तर नजर तुटत नाही.

चाळिशीनंतर दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचा वापरणाऱ्यांनी दुर्बिणीतून पाहताना काचेच्या वरच्या, लांबचे पाहावयाच्या भागाचाच उपयोग करावा. खालच्या भागातून पाहिल्यास दृश्य पुसट होते आणि ठपका विनाकारण दुर्बिणीवर येतो.

आठपट की दहापट?

अधिक मोठे दिसते ते अधिक चांगले, हा समज नवख्या ग्राहकाला हमखास फसवतो. दहापट दुर्बिणीत पक्ष्याबरोबर हाताचा कंपही दहापट होतो, दृश्याची रुंदी सहसा घटते आणि अनेक कंपन्यांच्या मालिकांत आय रिलीफही कमी असते. उजेडाचाही फरक पडतो. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, तर खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये जेमतेम २.६ मिलिमीटर असते. झोत जितका बारीक, तितका डोळा अचूक जागी ठेवावा लागतो. चष्म्यामुळे हे आणखी अवघड होते. म्हणून पहिल्या खरेदीसाठी ८×४२ हा प्रकार बहुतेकांना मानवतो. झूमच्या आणि लालभडक भिंगांच्या स्वस्त दुर्बिणींपासून मात्र दूर राहावे.

दुकानातील परीक्षा

दुर्बीण घेण्यास जाताना रोजचाच चष्मा लावून जावे. कड्या खाली करून दोन्ही नळ्यांतील अंतर असे जुळवावे, की दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ होईल. मग डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने दूरची पाटी स्पष्ट करावी. त्यानंतर केवळ उजव्या डोळ्याने पाहत उजवीकडील कडी फिरवावी. आता वर्तुळाची काळी कड सर्व बाजूंनी रेखीव दिसली पाहिजे. नंतर चष्मा काढून, कड्या उंच करून तीच पाटी पाहावी. दोन्ही वेळी जवळपास तेवढेच दृश्य दिसले, तर दुर्बीण चष्म्याला योग्य आहे. चष्म्यासह ते बरेच आक्रसत असेल, तर किंमत कितीही आकर्षक असो, ती घेऊ नये. याउलट काळ्या सावल्या सरकताना दिसल्या, तर डोळा फार जवळ आला आहे असे समजून कड्या थोड्या वर कराव्यात.

फुलपाखरे पाहण्याचीही आवड असेल, तर दुर्बीण २ ते ३ मीटरवरचे स्पष्ट दाखविते का, हे तपासावे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण घ्यावी. आतून वाफ धरण्याचे आणि बुरशी चढण्याचे भय त्यामुळे बरेच कमी होते. दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. चष्मा असला तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.