उघड्यावरचे लाकूड आणि पाण्याचा फवारा

अलिबागपासून गुहागरपर्यंतच्या किनाऱ्यावर आणि लोणावळा-महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर बंगल्यांना, रिसॉर्टना लाकडी डेक, जिने, कठडे आणि झोपाळ्याच्या ओसऱ्या असतात. चार पावसाळे गेले की हे लाकूड राखाडी पडते, त्यावर शेवाळ धरते, आणि मालक ते ‘पुन्हा नवे’ करून देणारा कंत्राटदार शोधू लागतो. येणाऱ्याजवळ बहुतेक वेळा एकच हत्यार असते: प्रेशर वॉशर. मोटारी, फरशा, कुंपणाच्या भिंती ज्या यंत्राने धुतल्या जातात, तेच डेकवरही चालवले जाते. तासाभरात राखाडी थर निघून जातो, आतला पिवळसर रंग दिसतो आणि मालक खूश होतो. लाकडाचे सर्वांत मोठे नुकसान नेमके याच तासाभरात होते, आणि ते टाळण्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. कामाचा क्रम तेवढा बदलावा लागतो. मळ सोडवण्याचे काम रसायनाने करायचे, पाण्याने तो फक्त वाहून न्यायचा.

असे का, हे समजण्यासाठी तो राखाडी थर म्हणजे काय हे पाहावे लागते. लाकूड मुख्यतः सेल्युलोजच्या तंतूंचे बनलेले असते आणि ते तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना चिकटलेले असतात. उन्हातले अतिनील किरण या लिग्निनचे विघटन करतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतात सुटे, फिकट तंतू. त्यांवर बुरशी वाढली की राखाडी-काळी छटा येते. हा थर मिलिमीटरच्या अंशाइतकाच असतो, खालचे लाकूड धडधाकट असते. अमेरिकेतल्या मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने, म्हणजे तिथल्या वनखात्याच्या १९१० साली स्थापन झालेल्या संशोधन संस्थेने, ही झीज मोजलेली आहे. उघड्यावर उभ्या बसवलेल्या मऊ लाकडाची झीज शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटर, तर घट्ट जातींची साधारण ३ मिलिमीटर होते. म्हणजे ऊन-पावसाला मऊ लाकडाचा एक मिलिमीटर खायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागतो. जवळ धरलेले अरुंद नोझल तेवढी खाच एका फटक्यात पाडते.

ही खाच सगळीकडे सारखीही पडत नाही. झाडाच्या प्रत्येक वर्षाच्या वलयात हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला भाग सच्छिद्र आणि मऊ असतो, नंतरचा भाग घट्ट असतो. फवारा मऊ भाग खणून काढतो, घट्ट भाग तसाच राहतो, आणि फळी धोब्याच्या पाटासारखी खाचाखाचांची होते. शिवाय तुटलेले तंतू उभे राहून पृष्ठभागावर तूस उठते. मग ते बसवण्यासाठी पॉलिश पेपर मारावा लागतो, म्हणजे आणखी लाकूड जाते. कंत्राटदार यावर म्हणतात, ‘देवदार-पाईनचे सोडा, सागवानाला काही होत नाही.’ यात थोडे तथ्य आहे, कारण सागवान पाईनपेक्षा बरेच जास्त सोसते. पण सागही वलयांचेच लाकूड आहे. त्याची मोठी छिद्रे वलयाच्या सुरुवातीला दाटीने असतात आणि जोराचा फवारा तिथेच शिरतो. लिग्निन गेलेला वरचा थर तर सागाचा असो की पाईनचा, तितकाच कमकुवत असतो.

यंत्र अजिबात वापरू नये असा याचा अर्थ नाही. बाजारातली घरगुती यंत्रेही १०० ते १३० बारचा दाब देतात. मऊ लाकडाला ३५ ते ४० बार पुरे आणि सागासारख्या लाकडालाही ७० बारच्या वर जाण्याचे कारण नाही. नोझलच्या रंगांची खूण बहुतेक यंत्रांना सारखी असते: लाल म्हणजे शून्य अंशाची सरळ धार, पिवळे १५, हिरवे २५ आणि पांढरे ४० अंशांचे. लाकडाच्या कामावर लाल आणि पिवळे नोझल पेटीबाहेर काढूच नये. पांढरे लावावे, नोझल फूटभर अंतरावर धरावे, फळीच्या लांबीच्या दिशेने एकसारखा हात फिरवावा आणि फवारा सुरू-बंद करायचा तो फळीच्या बाहेर. फवारा खालून वर कधीही मारू नये. पाणी फळ्यांच्या मागे, सांध्यांत, खाचेत बसवलेल्या टोकांत शिरते, तिथे वारा पोचत नाही आणि कूज तिथूनच सुरू होते. कामगारांच्या जिवाचाही प्रश्न आहे. सात बारच्या आसपासची बारीक धारही कातडी भेदू शकते. जखम टाचणीएवढी दिसते, पण पाणी आणि घाण आत खोलवर गेलेली असते. अशा वेळी पट्टी बांधून काम चालू न ठेवता माणसाला ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. अनवाणी किंवा चपलांवर हे काम होऊ देणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मळ सोडवण्याचे खरे काम करते सोडियम परकार्बोनेट, म्हणजे कपड्यांचे डाग काढणाऱ्या ‘ऑक्सिजन’ पावडरींतला मुख्य घटक. पाण्यात विरघळले की त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतात. पहिला घटक शेवाळ आणि बुरशी मारतो, दुसरा मळ सुटा करतो. द्रावण ताजे करावे, सावलीच्या वेळी लावावे, दहा-पंधरा मिनिटे वाळू न देता राहू द्यावे आणि नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासावे. तारेचा ब्रश नको, त्याचे तुटलेले कण लाकडात रुतून गंजतात. धुतल्यावर लाकूड थोडे काळपट दिसेल, कारण द्रावण अल्कधर्मी असते. त्यावर उपाय ऑक्झॅलिक आम्ल, जे मोझाइक फरशी पॉलिश करणाऱ्यांमुळे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. ते अल्क उतरवते, आणि खिळ्यांच्या लोखंडाचा लाकडातल्या टॅनिनशी संयोग होऊन पडलेले निळे-काळे डागही काढते. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. जवळच्या संगमरवरावर ते सांडू देऊ नये, आणि बागेतली झाडे आधी साध्या पाण्याने भिजवून घ्यावीत.

मग स्वस्त आणि झटपट ब्लीच का नको, असा प्रश्न येतोच. सोडियम हायपोक्लोराइट बुरशी मारते हे खरे. पण ते लिग्निनवरही हल्ला करते, म्हणजे उन्हाने सुरू केलेले काम पुढे नेते, आणि खिळे-स्क्रू गंजवते. त्याहून मोठा धोका मिसळण्याचा आहे. एका बादलीत ब्लीच आणि दुसऱ्या बादलीत ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या कामावर कुणी दोन्ही एकत्र केले तर क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच कामावर आलेच नाही तर ही शक्यताच उरत नाही.

जुन्या घरांत आणखी एक अडचण असते, रंगाची. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या तैलरंगांत शिसे असू शकते असे धरूनच चालावे. अशा दारावर, गजांवर, कठड्यावर फवारा मारला की रंगाचे कपचे अंगणभर उडतात, मातीत मिसळतात, आणि त्या अंगणात मुले खेळतात. खाली ताडपत्री अंथरून, पृष्ठभाग ओला ठेवून हाताने खरवडावे आणि कपचे गोळा करावेत. ब्लोलॅम्पने जाळू नयेत, कारण धूर तितकाच घातक असतो. पुण्याचा १८०७ चा विश्रामबागवाडा किंवा कोकणातल्या जुन्या घरांचे कोरीव खांब यांसारख्या कामांवर तर पाण्याचा फवारा नकोच. मऊ ब्रश, थोडे पाणी, लाकडाच्या काड्या आणि भरपूर वेळ, एवढेच तिथे चालते. अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंसाठीच्या सरकारी मानकांतही शक्य तितकी सौम्य पद्धत वापरण्याचीच अट आहे.

वेळेचा हिशोब हा ठेकेदारांचा सर्वांत रास्त आक्षेप. दर चौरस फुटाने ठरतो, रोजंदारी दिवसाने द्यावी लागते, मग पंधरा मिनिटे थांबायचे कुणी? पण द्रावण लावलेला एक भाग मुरत असताना शेजारचा घासता येतो. आणि फवाऱ्याने वाचलेले तास पुढे तूस घासण्यात जातात, हे कोणत्याही कामाची हजेरी पाहिली तर दिसेल. खरा वेळ वाळण्यात जातो आणि त्यात काटकसर करता येत नाही. दोन टाचण्यांचा ओलावामापक लाकडात टोचून ओलावा १५ टक्क्यांखाली आल्याखेरीज तेल किंवा पॉलिश लावू नये. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा लाकूड नुसते उभे राहूनही २० टक्क्यांजवळ ओलावा धरते. म्हणून कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हे काम घेण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत लाकूड कोरडे असते, पण दुपारी तापलेल्या फळीवर तेल मुरण्याआधीच सुकते आणि पट्टे दिसतात, म्हणून तेव्हा सकाळीच काम उरकावे. उलट बाजूनेही मर्यादा आहे. धुऊन उघडे केलेले लाकूड काही आठवडे उन्हात राहिले तर वरचा थर पुन्हा कमकुवत होऊ लागतो आणि रंग नीट धरत नाही, हेही मॅडिसनच्याच प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे वाळायला पुरेसे दिवस द्यायचे, पण पंधरवड्याच्या आत लेप चढवायचा.

लेप कोणता, यावर वाद आहेत. माझा कौल डेकसारख्या आडव्या, पायाखालच्या पृष्ठभागासाठी आत मुरणाऱ्या, रंगद्रव्य असलेल्या तेलाला आहे. चकचकीत वार्निशचा थर एका जागी तडकला की पाणी खाली शिरते आणि पुढच्या वेळी सगळा थर काढावा लागतो. तेल मात्र नुसते धुऊन पुन्हा लावता येते. रंगद्रव्य अतिनील किरण अडवते, निव्वळ पारदर्शक तेल ते फारसे करू शकत नाही. नुसते जवसाचे तेल दमट हवेत बुरशीला खाद्य ठरते. आणि त्या तेलाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकले तर आपोआप पेटू शकतात. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावेत.

लाकूड राखाडी झाले तर होऊ दे, असेही काही मालक म्हणतात. घट्ट सागवान असेल, पाणी साचत नसेल आणि शेवाळाने पाय घसरत नसेल, तर ते म्हणणे मान्य करायला हरकत नाही. ठेकेदाराने तसे सांगावे आणि नको असलेले काम घेऊ नये. बाकीच्यांशी मात्र एकदाच्या ‘नूतनीकरणा’चा नव्हे, वार्षिक देखभालीचा करार करावा. दर वर्षी पाऊस संपल्यावर पातळ द्रावणाने ब्रशने धुणे, सैल खिळ्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आणि झिजलेल्या जागी तेलाचा एक हात. करार होण्याआधी दाराआडच्या एका फळीवर सगळी पद्धत करून दाखवावी, ओलावामापकाचे आकडे कागदावर लिहून द्यावेत आणि वाळण्याचे दिवस दरपत्रकात वेगळे दाखवावेत.