एकदाच उघडलेले दार

बीजिंगच्या उत्तरेस, तियानशोउ पर्वताच्या पायथ्याशी मिंग घराण्यातील तेरा सम्राटांच्या समाध्या असून त्यांपैकी दिंगलिंग या एकाच समाधीचे भूमिगत दालन पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून उघडले आहे. १५७२ ते १६२० या काळात राज्य केलेल्या वानली सम्राटाने वयाच्या एकविसाव्या वर्षी हे काम सुरू करवले आणि सहा वर्षांत त्यावर सुमारे ८० लाख ताएल, म्हणजे प्रत्येकी साधारण ३७ ग्रॅम वजनाची चांदी, खर्ची घातली. वारसाच्या वादावरून पुढे दरबारात फिरकणेच जवळपास सोडून दिलेल्या या सम्राटाने, गोव्यात काही वर्षे राहून चीनला गेलेल्या मात्तेओ रिच्ची या जेझुइट पाद्र्याच्या दफनासाठी १६१० साली बीजिंगमध्ये जागा मात्र दिली. मरणोत्तर निवाऱ्याचे मोल त्याला ठाऊक होते, असे म्हणायला हरकत नाही.

१९५५ साली इतिहासकार व बीजिंगचे उपमहापौर वू हान, गुओ मोरुओ आदींनी सम्राट योंगलची चांगलिंग ही समाधी खोदण्याचा प्रस्ताव मांडला. झेंग झेनदुओ आणि शिया नाय या जाणकारांनी, सापडेल ते टिकवण्याचे तंत्र देशात नाही, या कारणाने त्यास विरोध केला. तरीही परवानगी मिळाली आणि आधी सरावादाखल म्हणून दिंगलिंगवर १९५६ च्या मे महिन्यात कुदळ पडली. समाधी बांधून झाल्यावर प्रत्यक्ष दफनापर्यंत तीस वर्षे जाणार होती, त्यामुळे पुरलेली वाट पुन्हा सापडावी म्हणून कारागिरांनी एक लहान शिलालेख ठेवला होता, आणि त्यावर कोरलेले ‘वज्रभिंती’पर्यंतचे अंतर व खोलीच उत्खनकांना वाटाड्या ठरली. प्रवेशद्वार बंद करणाऱ्या या भिंतीच्या चिनी नावात बौद्ध परंपरेतील ‘वज्र’च आहे. तिच्यामागच्या संगमरवरी दाराला आतून दगडी अडसर होता: दार बाहेरून ओढले जाताना, आतल्या बाजूने त्याला टेकवलेली उभी शिळा आपोआप घसरून दोन्ही फळ्यांमागे घट्ट बसत असे. दारांच्या फटीतून वाकवलेली सळई आत सारून त्या शिळेला मागे ढकलावे लागले.

सुमारे २७ मीटर खोलीवरच्या पाच दालनांत वानली आणि त्याच्या दोन सम्राज्ञींच्या शवपेट्यांसह सुमारे तीन हजार वस्तू मिळाल्या. केसासारख्या बारीक सोन्याच्या तारेने विणलेला सम्राटाचा मुकुट आणि खंड्या पक्ष्याच्या निळ्या पिसांवर मोती जडवलेले सम्राज्ञींचे मुकुट आजही पाहता येतात, कारण धातू आणि रत्ने सहसा दगा देत नाहीत. रेशमाचे मात्र तसे नसते. बंद, स्थिर हवेत तीन शतके तग धरलेल्या धाग्यांना प्रकाश, प्राणवायू आणि बदलती आर्द्रता एकदम भेटली, तेव्हा झळाळते तागे काळवंडून कडक झाले. त्यांना वाचवण्यासाठी लावलेल्या कृत्रिम राळेने ते आणखीच ठिसूळ झाले. शिया नाय यांची भीती अशा रीतीने तागा तागा करून खरी ठरत गेली.

त्यापुढचे नुकसान मात्र हवेने केलेले नव्हते. १९५९ साली संग्रहालय खुले झाले, आणि प्रतिकृती तयार होताच मूळ लाकडी शवपेट्या भंगार समजून टाकून देण्यात आल्या. १९६६ च्या ऑगस्टमध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, लाल रक्षकांनी सम्राट आणि दोन्ही सम्राज्ञींचे सांगाडे समाधीच्या आवारातच जाळले. उत्खननाचा आग्रह धरणारे वू हान १९६९ साली तुरुंगात मरण पावले.

संरक्षणासाठी अपरिहार्य झाल्याखेरीज सम्राटांच्या समाध्या खोदू नयेत, हे चीनचे धोरण या अनुभवातूनच आले. त्यामुळे मातीच्या सैनिकांसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या छिन शि ह्वांगच्या समाधीचा मुख्य कक्ष अजून बंद आहे, आणि तांग सम्राट गाओझोंग व सम्राज्ञी वू झेतियान यांची छियानलिंग ही समाधीही, ती उघडण्याच्या मागण्या वारंवार होऊनसुद्धा, मिटलेलीच आहे. मिंग समाध्यांना २००३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. दिंगलिंगच्या तळघरात आज पर्यटकांना दिसतात त्या लाल रंगाच्या शवपेट्या नव्या आणि रिकाम्या आहेत; जिच्यासाठी हा सराव झाला त्या चांगलिंगमध्ये नानमू लाकडाच्या प्रचंड खांबांचे सभागृह पाहता येते, पण त्यामागच्या टेकाडाखाली कोणीही गेलेले नाही.