मोटारींतील पडदा आणि चालकाची दृष्टि

मोटारीच्या डॅशबोर्डाचा इतिहास पाहिला, तर त्यांतील मधली जागा प्रथम रेडिओनें व्यापिली होती असें दिसून येतें. जर्मनींत ठरलेलें १८० मिलीमीटर रुंद व ५० मिलीमीटर उंच अशा खांचेचें माप पुढें बहुतेक देशांत रूढ झालें, आणि कोणत्याही कारखान्याचा रेडिओ कोणत्याही मोटारींत बसावा अशी सोय झाली. रेडिओ ऐकावयाचा असतो. त्याकडे पाहात राहण्याची गरज नसते. त्यामुळें तो नेमका कोठें बसविला आहे याला फारसें महत्त्व नव्हतें. परंतु त्याच जागीं जेव्हां कांचेचा पडदा येऊन बसला, तेव्हां जागेचा प्रश्न एकदम महत्त्वाचा झाला. पडदा पाहावयाचा असतो, आणि चालकाची दृष्टि एका वेळीं रस्त्यावर व पडद्यावर अशी दोन ठिकाणीं असूं शकत नाहीं.

बोटाच्या स्पर्शानें चालणारा पडदा अमेरिकेंतील ब्यूइक कंपनीच्या रिव्हिएरा या गाडींत १९८६ सालींच आला होता. पण तो त्या वेळीं रुजला नाहीं. २०१२ सालीं टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस या गाडींत १७ इंचांचा उभा पडदा आला. २०१७ सालच्या मॉडेल ३ मध्यें तर स्टिअरिंगमागचीं नेहमींचीं घड्याळेंच नाहींशीं झालीं. गाडीचा वेगसुद्धां मध्यभागींच्या सुमारें १५ इंची पडद्यावरच पाहावयाचा, अशी योजना झाली. याच कंपनीनें जुलै २०२५ मध्यें मुंबईंत वांद्रे-कुर्ला संकुलांत आपलें दालन उघडून मॉडेल वाय ही गाडी विक्रीस ठेविली. तिची मांडणीही त्याच धर्तीची आहे.

मध्यभागीं बसविलेला असा पडदा सरळ मागच्या दिशेस तोंड करून असला, म्हणजे तो चालकाला व शेजारच्या उतारूला सारखाच तिरपा दिसतो. हा तिरपेपणा जावा म्हणून मूळ कारखान्याखेरीज इतर उत्पादकांनीं एक लहानसें उपकरण बाजारांत आणिलें आहे. पडदा व त्याला धरणारा दांडा यांच्यामध्यें तें बोल्टांनीं बसवितात. मग पडदा दाराप्रमाणें डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. कांहीं उपकरणांत चेंडूसारखा सांधा असतो. त्यायोगें पडदा खालींवर कलताही करितां येतो. ज्या जुन्या मोटारींत रेडिओची एकच खांच आहे, त्यांच्यासाठीं दुसरी युक्ति निघाली आहे. यंत्र खांचेंत राहतें, आणि मोठा पडदा त्याच्यापुढें ब्रॅकेटच्या आधारानें तरंगत असल्यासारखा उभा राहतो. त्याची उंची व कल आपल्या सोयीप्रमाणें बदलतां येतो.

या उपकरणांनीं लाभ होतो तो कोणता, हें मोजून पाहणें बरें. समजा, पडद्याचा मध्य चालकाच्या डोळ्यांपासून ७० सेंटिमीटर पुढें व ४० सेंटिमीटर बाजूला आहे. अशा स्थितींत दृष्टि रस्त्यावरून सुमारें ३० अंश वळवावी लागते, आणि पडदाही तितकाच तिरपा दिसतो. तो चालकाकडे १५ अंश वळविला, म्हणजे तिरपेपणा निम्म्यावर येतो. बारीक अक्षरें अधिक सुलभपणें वाचतां येतात, आणि पडद्याच्या दूरच्या कडेपर्यंत बोट पोंचविण्यास हात कमी ताणावा लागतो. चकाकीचाही कधीं कधीं परिहार होतो. आरसा जितके अंश फिरवावा त्याच्या दुप्पट परावर्तित किरण फिरतो, असा प्रकाशाचा नियम आहे. त्यामुळें पडदा १५ अंश वळतांच कांचेंतील प्रतिबिंब ३० अंश सरकतें, व मागच्या कांचेंतून डोळ्यांवर येणारें ऊन टळतें. मात्र त्याच नियमानें बाजूच्या खिडकींतील ऊन नव्यानें डोळ्यांवर येऊंही शकतें.

परंतु मुख्य गोष्ट याच्या पुढची आहे. पडदा वळला तरी त्याची जागा बदलत नाहीं. डोळ्यांना रस्त्यावरून ३० अंश वळावें लागत होतें, तें तितकेंच वळावें लागतें. इतकेंच नव्हे, तर पडदा हाताशीं यावा म्हणून तो ५ सेंटिमीटर जवळ ओढला, तर तोच कोन जवळजवळ ३२ अंशांचा होतो. हाताची सोय होते, परंतु डोळ्यांची गैरसोय वाढते. उलटपक्षीं, तो ८ सेंटिमीटर चालकाच्या बाजूस सरकविला, तर कोन २५ अंशांच्या आंत येतो. वळविणें आणि सरकविणें या दोन क्रिया अशा अगदीं भिन्न आहेत. पहिलीनें वाचणें सुलभ होतें. रस्ता व पडदा यांमधील अंतर दुसरीनें कमी किंवा अधिक होतें. उंचीलाही हाच न्याय लागू आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यानें २०१३ सालीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांत पडदा चालकाच्या समोरच्या दृष्टिरेषेपासून फार तर ३० अंश खालीं असावा असें सुचविलें आहे.

त्याच तत्त्वांत काळाचीही मर्यादा सांगितली आहे. एका वेळीं दृष्टि रस्त्यावरून दोन सेकंदांहून अधिक ढळूं नये, आणि एका कामासाठीं अशा दृष्टिक्षेपांची एकूण बेरीज बारा सेकंदांच्या आंत असावी. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार दोन सेकंदांत ३३ मीटर पुढें जाते. एवढ्या अंतरांत एखादें मूल चेंडूमागें धांवत रस्त्यावर आलें, तर तें चालकाच्या डोळ्यांना दिसतच नाहीं. पडदा वळविण्याच्या उपकरणाची खरी कसोटी हीच आहे. त्यानें दृष्टिक्षेप आंखुडला तर उपकरण उपयोगी. चित्रें अधिक चांगलीं दिसतात म्हणून चालक पडद्याकडे अधिक वेळ पाहूं लागला, तर तेंच घातक.

शिवाय कित्येक अडचणी पडद्याच्या जागेंत नसून त्याच्या रचनेंत असतात. २०२२ सालीं स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकानें ताशीं ११० किलोमीटर वेगानें चालणाऱ्या निरनिराळ्या गाड्यांतून ठराविक चार कामें करवून पाहिलीं. २००५ सालच्या, बटणांच्या जुन्या व्होल्व्हो गाडींत त्यांना दहा सेकंद लागले. पडद्याच्या सर्वांत मंद गाडींत जवळजवळ पंचेचाळीस सेकंद लागले. एका कामासाठीं तीन पानें उलटावीं लागत असतील, तर पडदा कोणत्याही बाजूस वळविला तरी तीं तीनच राहणार. युरोपांतील मोटारसुरक्षेची परीक्षा घेणाऱ्या युरो एन्कॅप या संस्थेनें २०२६ पासूनच्या आपल्या गुणदानांत दिशादर्शक दिवे, वायपर व हॉर्न यांसारख्या गोष्टींसाठीं प्रत्यक्ष बटणें असण्यास महत्त्व दिलें, त्याचें कारण हेंच.

आतां उपकरणाच्या मजबुतीकडे वळूं. मूळ डॅशबोर्ड तयार होतांना त्याची आघाताची परीक्षा घेतलेली असते. उतारूचें डोकें जेथें आदळण्याचा संभव असतो तेथील कडा गोलावलेल्या असाव्या, असे आंतरराष्ट्रीय दंडक आहेत. मध्यें नवा सांधा घातला, म्हणजे परीक्षा झालेली वस्तु बदलते. पडद्याचें वजन दोन किलो धरिलें, आणि टक्करींत गति क्षणांत थांबल्यानें त्यावर वजनाच्या तीसपट जोर आला असें मानिलें, तर त्या सांध्याला साठ किलोंचा हिसका सोसावा लागतो. म्हणून सांधा धातूचा व बोल्टांनीं घट्ट केलेला असावा. केवळ चिकटपट्टीवर किंवा रबरी वाटीवर विसंबूं नये; उन्हांत बंद ठेवलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांपर्यंत तापतो, आणि अशा उष्णतेनें चिकटद्रव्यें सैल होतात. शेजारच्या उतारूची एअरबॅग सेकंदाच्या कांहीं शतांश भागांत फुगते. तिच्या वाटेंत पडदा येतां कामा नये. मागील तारांस पुरेशी ढील हवी, आणि ठराविक मर्यादेपलीकडे पडदा वळूं नये म्हणून अटकाव हवा; नाहींतर रोजच्या वळण्यानें तारा तुटतात.

हिंदुस्थानांत चालक उजवीकडे बसतो, म्हणून पडदा त्याच्या डावीकडे येतो व बहुतेकांस तो डाव्या हातानें वापरावा लागतो. डावीकडे चालक बसणाऱ्या देशांसाठीं केलेलें उपकरण घेतांना तें उजवीकडेही पुरेसें वळतें काय, हें प्रथम पाहावें. बसविल्यावर मोटार उभी असतांनाच आसन नेहमींच्या जागीं आणून व पट्टा बांधून पडद्याचा कोन ठरवावा. समोरचा रस्ता व डावा आरसा झांकला जात नाहीं याची खात्री करावी, आणि मोटार चालूं झाल्यावर त्या सांध्याला हात लावूं नये.

शेवटीं कुटुंबाच्या मोटारींत एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सरळ पडदा शेजारीं बसणारासही नीट दिसतो. रस्त्याचा नकाशा पाहणें, गाणें बदलणें, फोन घेणें हीं कामें तो चालकासाठीं करूं शकतो. पडदा पूर्णपणें चालकाकडे वळविला, म्हणजे हा मदतनीस हातचा जातो, आणि सर्व कामें पुन्हां एकट्या चालकाच्या डोळ्यांवर येऊन पडतात. चालक एकटाच प्रवास करीत असेल तेव्हां पडदा त्याच्याकडे वळलेला असावा हें योग्य. परंतु शेजारीं पत्नी, भाऊ किंवा जाणतें मूल बसलें असेल, तर तो निघण्यापूर्वीं थोडा त्यांच्याकडे वळवून ठेवणें अधिक शहाणपणाचें.