ट्रॅक्टरचा लहरी सेल्फ

मृग तोंडावर आला होता. पहूरच्या काळ्या रानात वखरणी बाकी होती आणि आमच्या भाईजानचा ट्रॅक्टर रुसला होता. सकाळी एका किल्लीत सुरू होई. दुपारी इंजिन तापल्यावर बंद केला, की नुसता ‘टक्’ करून गप्प. तासाभराने पुन्हा ठीक! आधी नवी बॅटरी आणली, मग सेल्फ उतरवून कार्बन बदलले. पैसे गेले, दुखणे तसेच. अखेर एका जुन्या मिस्त्रींनी तारा चाचपल्या आणि म्हणाले, ‘‘भाई, बॅटरी दमदार आहे. वाट खराब आहे.’’

मी ओळी जुळवणारा माणूस. पण ही वाट मलाही समजली. दिव्याला थोडीच वीज लागते. सेल्फला मात्र इंजिन फिरवताना दोनशे अ‍ॅम्पियर किंवा त्याहून जास्त लागते. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या सांध्यात एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला, तरी 200 अ‍ॅम्पियरला 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून दिवे लख्ख लागतात आणि सेल्फ फिरत नाही.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, आधी कान द्या. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, किल्लीचा स्विच, क्लच किंवा गिअरचा सेफ्टी स्विच पाहा. एकदाच ‘टक्’ होत असेल, तर जाड तारा, अर्थिंग किंवा सोलेनॉईडचे आतले पॉइंट. ‘टकटकटक’ होऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत.

मग मीटर लावा. पण बिघाड हजर असतानाच. चालू स्थितीत सगळेच निर्दोष दिसते. गिअर न्यूट्रल, ब्रेक लावलेला, आणि किल्ली फिरवायला सीटवर दुसरा माणूस. एक टोक बॅटरीच्या अधिक खुंटीवर, दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवा. किल्ली फिरवताना काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष त्या दरम्यान आहे. तसेच उणे खुंटी आणि सेल्फचे अंग यांमध्ये तपासा. त्या वेळी बॅटरीच साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली, तर ती आधी चार्ज करून तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र करू नका. मागच्या चाकाजवळ उभे राहून पेचकसाने सेल्फचे बोल्ट जोडण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने सेफ्टी स्विच डावलला जातो. गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टर सुरू होताच अंगावरून जातो. हँडलच्या उलट्या झटक्याने पूर्वी मनगटे मोडत. त्या त्रासातून सुटका म्हणून चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत बसला. माणसाचा हात वाचवायला आलेल्या यंत्रापुढे जीव कशाला टाकायचा?

भाईजानच्या ट्रॅक्टरचा दोष निघाला अर्थिंगच्या पट्टीत. तिच्या बोल्टखाली रंग आणि गंज होता. बॅटरीची उणे तार आधी सोडली, जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले आणि उणे तार शेवटी जोडली. अर्ध्या तासाचे काम. जुनी बॅटरी आजही घरात दिवा लावते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)