रात्री सेन्सरने दाखविलेली कमी साखर : अर्थ कसा लावावा?

मधुमेही रुग्णाच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर लावून सुमारे चौदा दिवस साखरेचा अखंड आलेख घेण्याची पद्धत आता सातारा, कराड, मिरज, सांगली येथील रुग्णांपर्यंत पोहोचली आहे. हे आलेख मोबाईलवर घेऊन रुग्ण आमच्या दवाखान्यांतही येतात. पहाटे तीनच्या सुमारास आकडा ५५ वर उतरलेला दिसतो आणि रुग्ण विचारतो, "डॉक्टर, काढा लागू पडला; आता इन्शुलिन बंद करू का?" उत्तर देण्यापूर्वी तो आकडा खरा आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

सेन्सर रक्तातील साखर मोजत नाही. त्वचेखालील पेशींच्या भोवती जो द्रव असतो, त्यातील साखर तो मोजतो. रक्तातील बदल तेथे पोहोचण्यास साधारणतः पाच ते दहा मिनिटे लागतात. साखर वेगाने चढत वा उतरत असता दोन्ही आकड्यांत अंतर पडते ते यामुळेच. सेन्सर लावल्यानंतरच्या पहिल्या दिवसाचे आकडेही तितकेसे विश्वसनीय नसतात.

रात्रीच्या खोट्या घसरणीचे नेहमीचे कारण मात्र अगदी साधे आहे. रुग्ण सेन्सर असलेल्या कुशीवर झोपतो, दंड दाबला जातो, तेथील द्रवाचा संचार मंदावतो आणि आकडा खाली येतो. अशी घसरण आलेखात विहिरीसारखी दिसते : १२० वरून एकाएकी ६० च्या खाली, आणि कूस बदलताच काहीही न खाता पूर्वपदावर. खरी घसरण बहुधा उतारासारखी असते. ती हळूहळू होते आणि खाल्ल्यावाचून सहसा चटकन भरून येत नाही. तथापि केवळ आकारावर विसंबू नये. गजर झाल्यास हात धुऊन बोटाच्या टोकातील रक्त ग्लुकोमीटरवर तपासावे. घाम, कंप, धडधड किंवा गोंधळलेपणा असेल, अथवा तपासणीची सोय नसेल, तर आकडा खरा मानून साखर द्यावी. निदानपंचकाची सवय असलेल्या वैद्याला, एका चिन्हावरून व्याधी ठरवू नये, हे निराळे सांगावयास नको.

७० च्या खालचा आकडा दखल घेण्याजोगा आणि ५४ च्या खालचा गंभीर समजतात. तो बोटाच्या रक्ताने खरा ठरला, तर इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गोळ्यांकडे प्रथम लक्ष द्यावे. गोळी नेहमीची आणि रात्रीचे जेवण मात्र एकादशीचे, असे आपल्याकडे सर्रास घडते. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजून आलेल्या शेतकऱ्याचे स्नायू पुढे कित्येक तास साखर ओढून घेतात. वृक्कविकार, उतारवय व मद्यपान यांनी धोका वाढतो. गुडमार, मेथी, कारले ही द्रव्ये या गोळ्यांच्या जोडीला दिली तर परिणामांची बेरीज होऊ शकते. म्हणून रुग्ण आणखी काय घेतो, हे विचारल्याशिवाय चूर्णाची पुडी बांधू नये. रात्री साखर उतरणे हे काढ्याचे यश नव्हे, हे आम्हांस स्पष्टपणे सांगावेसे वाटते. इन्शुलिन परस्पर बंद करण्याचा सल्ला तर मुळीच देऊ नये. आलेख घेऊन रुग्णास ज्यांनी मात्रा ठरविली त्यांच्याकडे त्वरित पाठवावे.

औषधी विक्रेत्यांनी एक घटना ध्यानात ठेवावी. २००८ साली सिंगापूरमध्ये साखर एकाएकी उतरलेले १५० रुग्ण पाच महिन्यांत रुग्णालयांत आले. सात बेशुद्ध होते, चौघे दगावले. बेकायदा विकल्या गेलेल्या कामोत्तेजक औषधांत, काही वनौषधींच्या नावाखाली, ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले आढळले. परवाना क्रमांक नसलेली 'शुगरची हमखास पुडी' आपल्या फळीवर ठेवताना हे आठवावे. मधुमेहाची औषधे न घेणाऱ्या रुग्णाची साखर उतरली, तर तो काय खातो याची पुडीसह चौकशी करावी.

याउलट चूकही संभवते. काही सेन्सरांच्या माहितीपत्रकात दररोज ५०० मिलिग्रॅमहून अधिक जीवनसत्त्व 'क' घेतल्यास आकडा खोटा वाढतो, अशी सूचना असते. तेव्हा खरी घसरण झाकली जाते.

उपचारासाठी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास तेवढीच पुन्हा द्यावी. साताऱ्याचा कंदी पेढा येथे उपयोगाचा नाही; त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा शोषली जाते. रुग्ण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल, तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, त्यास ग्लुकोज पावडरच द्यावी. दुकानदारांनी अशा गिऱ्हाइकाला ती गोळीसोबत आठवणीने द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये, कुशीवर निजवून रुग्णालयात न्यावे. सल्फोनिलयुरियामुळे उतरलेली साखर एकदा सावरली तरी काही तासांनी पुन्हा उतरते, म्हणून अशा रुग्णाला, विशेषतः वृद्ध किंवा वृक्कविकारी असल्यास, बरे वाटले तरी घरी न ठेवता देखरेखीखाली ठेवावे.